शेळीचे दूध : दोष कोणाचा?

पावसाळा उतरणीला लागला आणि तापाच्या साथीची कुजबुज सुरू झाली की, कराडसारख्या गावात एक दृश्य हमखास दिसू लागते. एरवी ज्या घरात शेळीच्या दुधाचे नावही निघत नाही, त्या घरातील कर्ता माणूस हातात लहानशी किटली घेऊन मलकापूर-सैदापूरकडच्या वस्त्यांवर शेळीवाल्याचे दार शोधीत हिंडतो. डेंग्यूच्या तापात रक्तातील प्लेटलेट कमी होतात आणि शेळीच्या दुधाने त्या भराभर वाढतात, असे त्याला कोणीतरी सांगितलेले असते. मागेल तो भाव देऊन वाटीभर दूध मिळवले जाते आणि 'तापवू नका, कच्चेच द्या, तरच गुण येतो' या सल्ल्यासह ते रुग्णाच्या ओठी लागते. ताप उतरला की शेळीचेही विस्मरण होते. पुढे कधी विषय निघालाच, तर नाकाला पदर लावून शेरा मारला जातो, 'छे! त्या दुधाला वास येतो.'

शेळीच्या दुधाविषयी आपल्या सुशिक्षित समाजाचे जे काही मत आहे ते या दोन टोकांत सामावलेले आहे. एक तर ते दिव्य औषध, नाही तर वास मारणारे गरिबाचे दूध. ही दोन्ही मते एकाच चुकीतून जन्माला आली आहेत. दूध चांगले की वाईट हे जनावराच्या जातीवर ठरते, असे आपण गृहीत धरतो. वस्तुतः त्याचा बराचसा निकाल शेळी कोठे बांधली, तिला काय व केव्हा घातले, धार कोणत्या हाताने व कोणत्या भांड्यात काढली आणि ते दूध पुढचे दोन तास कोठे राहिले, या साध्या गोष्टींवर लागतो. आणि त्या साध्या गोष्टींची किंमत देण्यास आपण तयार आहोत काय, यावर त्या गोष्टी घडतात की नाही हे अवलंबून असते.

वासाचे मूळ

प्रथम वासाचाच विचार करू. शेळीच्या दुधातील स्निग्धांशात कॅप्रोइक, कॅप्रिलिक आणि कॅप्रिक ही तीन आम्ले गाईच्या दुधापेक्षा बऱ्याच अधिक प्रमाणात असतात. गाईच्या स्निग्धांशात त्यांचा वाटा ढोबळ मानाने पाच टक्के, तर शेळीच्या स्निग्धांशात पंधरा टक्क्यांच्या आसपास. शेळीला लॅटिन भाषेत 'काप्रा' म्हणतात आणि त्यावरूनच या आम्लांचे बारसे झाले आहे. परंतु ही आम्ले स्निग्धांशात बांधलेली असतात तोवर त्यांचा वास येत नाही. म्हणून निरोगी शेळीच्या स्वच्छ, ताज्या धारेला उग्र दर्प नसतो. दूध फेसाळले, घुसळले गेले, उन्हात राहिले, त्यात जंतू माजले, की स्निग्धांशाच्या कणांवरील पापुद्रा फाटतो, दुधातील आणि जंतूंनी निर्माण केलेली पाचक द्रव्ये त्या कणांवर तुटून पडतात, आम्ले मोकळी होतात आणि मग 'शेळीचा वास' सुटतो. अर्धवट भरलेली किटली सायकलच्या नाहीतर मोटारसायकलच्या दांड्याला लटकवून पाच मैल हिंदकळत आणली, म्हणजे हा वास आपण स्वतःच्या हाताने तयार करतो.

वासाचे दुसरे उगमस्थान बोकड. माजावर आलेला बोकड स्वतःच्या दाढीवर व पुढच्या पायांवर मूत्र उडवून घेतो, आणि त्याच्या अंगच्या ग्रंथींतूनही एक दर्प स्रवत असतो. हा दर्प शेळ्यांच्या केसांना, माणसाच्या हातांना आणि उघड्या दुधाला चटकन लागतो. दोन-तीन शेळ्यांच्या आटोपशीर संसारात बोकड आणि दुभत्या शेळ्या एकाच छपराखाली, एकाच दावणीला असतात. बोकडाला चार हात दूर, वाऱ्याच्या उलट बाजूस बांधणे आणि त्याला हात लावल्यावर हात धुतल्याखेरीज कासेला न शिवणे, एवढ्याने निम्मी तक्रार मिटते. यास खर्च येत नाही. मात्र हे सांगणारा कोणी त्या दारापर्यंत पोहोचावा लागतो.

वैरणीचा हिशेब

कराड तालुक्याचे भौगोलिक स्थान मोठे बोलके आहे. पश्चिमेस पाटणचे पावसाळी डोंगर, पूर्वेस खटाव-माणचा अवर्षणाचा मुलूख आणि मध्ये कृष्णा-कोयनेच्या पाण्यावर वाढलेला उसाचा पट्टा. रेठरे बुद्रुकचा कृष्णा कारखाना आणि यशवंतनगरचा सह्याद्री कारखाना यांचे गाळप सुरू झाले की गावोगाव उसाच्या वाढ्यांचे भारे दिसू लागतात. वाढे स्वस्त आणि हिरवे, म्हणून गाय, म्हैस, शेळी सर्वांच्या पुढ्यात तेच पडते. पण वाढ्यांत ऑक्झॅलेट असते. ते जनावराच्या पोटात कॅल्शियमला धरून ठेवते आणि अंगी लागू देत नाही. दुधातील कॅल्शियम त्यामुळे फारसे घटत नाही, कारण ते भरून काढण्यासाठी शेळी आपली हाडे झिजविते. घटते ते तिचे बळ आणि दुधाचे माप. म्हणून वाढ्यांसोबत शेवरी, सुबाभूळ, हादगा यांचा पाला, थोडा कडबा आणि खनिज मिश्रण हवे. शेळी हे मुळात झाडपाला ओरपणारे जनावर आहे. एकाच वैरणीवर तिला बांधून ठेवणे म्हणजे तिच्या स्वभावाशी आणि तिच्या दुधाशी दोन्हीकडून वैर करणे होय.

खाल्ल्या वैरणीचा वास दुधात उतरतो, ही गोष्ट गृहिणींना अनुभवाने ठाऊक असते. कांद्याची पात, लसूणघास नव्हे पण लसणाची पात, काही उग्र रानवनस्पती शेळीने खाल्ल्या तर त्यांचा वास तासा-दोन तासांत दुधात येतो. उपाय सोपा आहे. असला चारा द्यावयाचाच झाला तर धार काढल्यानंतर द्यावा, आधी नव्हे. गाजरगवताची गोष्ट अधिक गंभीर आहे. १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम डोळ्यांत भरलेले हे तण आज बांधाबांधावर आहे. ते पोटात गेलेल्या जनावराच्या दुधाला कडवट चव येते. घाणेरीची पाने तर यकृतालाच बाधतात. त्यातच उसाच्या बांधावर तणनाशक फवारलेले असते आणि त्याच बांधावर शेजारणीची शेळी दुपारी चरत असते. फवारणी करणाऱ्याने एक शब्द आधी सांगितला, तर तिची शेळीही वाचेल आणि तिचे दूध पिणारे मूलही.

पेंडीचाही एक प्रश्न आहे. शेंगदाण्याची पेंड किंवा मका ओलसर जागी साठविला तर त्यावर बुरशी धरते. त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते आणि जनावराच्या शरीरातून त्याचा बदललेला अंश दुधात येतो. आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा नियमांनी दुधातील या विषाची मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम इतकी कमी ठेवली आहे, यावरून त्याचे गांभीर्य ध्यानी यावे. हे विष दूध उकळून जात नाही. बुरशीची पेंड 'माणसाला नको, जनावराला चालेल' म्हणून शेळीला घालणारा मनुष्य ती पेंड फिरून आपल्याच पेल्यात ओतीत असतो.

धार काढण्याची घटका

गुणवत्तेची खरी कसोटी लागते ती धार काढताना. पुष्कळ ठिकाणी शेळीच्या मागे उकिडवे बसून धार काढतात. कासेच्या वरच शेपूट असल्याने लेंड्या, केस आणि धूळ थेट भांड्यात येतात. शेळीला हातभर उंच ओट्यावर उभे करून बाजूने धार काढली, मागच्या मांड्यांचे व कासेभोवतीचे केस कातरून ठेवले, कास ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडी केली, तर हा सगळा मळ टळतो. कास नुसती भिजवून तशीच सोडणे अधिक वाईट, कारण मग मळाचे पाणीच सडांवरून भांड्यात ठिबकते.

पहिल्या दोन-तीन धारा काळ्या फडक्यावर किंवा काळ्या ताटलीत घ्याव्यात. त्यात गुठळ्या, चोथा किंवा रक्ताची तार दिसली तर कासदाह, म्हणजे शेतकरी ज्याला 'दगडी' म्हणतो तो रोग, सुरू झाला असे समजावे. त्या शेळीची धार सर्वांत शेवटी आणि वेगळी काढावी. ती विकू नये. औषधोपचार सुरू झाला की आणखी एक पथ्य येते. प्रतिजैविकांचा आणि जंतनाशकांचा अंश काही दिवस दुधात उतरत राहतो. किती दिवस दूध वापरू नये हे औषधाच्या वेष्टनावर छापलेले असते. पण ते इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत असते, आणि शेळी सांभाळणारी बाई बहुधा ते वाचू शकत नाही. तिला ते वाचून दाखविण्याचे काम तिच्या शाळकरी मुलाचे आहे, दुकानदाराचे आहे आणि पशुवैद्यकाचे तर आहेच.

दूध काढल्यावर ते स्वच्छ फडक्यातून गाळावे, कडीकोयंडा नसलेल्या, सांधे नसलेल्या स्टीलच्या भांड्यात ठेवावे आणि लागलीच थंड करावे. शीतयंत्र नसेल तर भांडे गार पाण्याच्या टोपात ठेवून भोवती ओले पोते गुंडाळले तरी पुष्कळ फरक पडतो. उबदार दुधात जंतूंची संख्या अर्ध्या-अर्ध्या तासाने दुप्पट होऊ शकते. सकाळी सहाचे दूध दहापर्यंत पत्र्याच्या छपराखाली राहिले, तर पुढे कोणत्याही दुधसंघाचे यंत्र त्याला पुन्हा ताजे करू शकत नाही.

माल्टाचा धडा

आता 'कच्चेच द्या' या सल्ल्याकडे वळू. भूमध्य समुद्रातील माल्टा बेटावर इंग्रजांची छावणी होती. तेथील शिपाई आणि खलाशी आठवडेच्या आठवडे चढउतार करणाऱ्या तापाने, सांधेदुखीने आणि घामाने जर्जर होत. डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टराने १८८७ साली या रोगाच्या जंतूविषयी आपला शोध जाहीर केला, परंतु जंतू माणसात येतो कोठून हे कळत नव्हते. १९०५ साली थेमिस्टोक्लीस झामिट या माल्टी डॉक्टराने दाखवून दिले की, वरून धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांच्या शरीरात हा जंतू वास करतो आणि त्यांच्या कच्च्या दुधातून तो माणसात उतरतो. १९०६ मध्ये छावणीतून शेळीचे दूध बंद झाले आणि शिपायांतील रोग पाहता पाहता ओसरला. ब्रुसेलोसिस या नावाने आज ओळखला जाणारा हा ताप आपल्या देशातून गेलेला नाही.

शेळी अवेळी गाभडली तर या रोगाचा संशय घ्यावा, आणि तिची वार व मेलेले करडू उघड्या हातांनी उचलू नये. पण हे काम करतात बहुशः घरातील स्त्रिया, आणि तेही उघड्या हातांनीच. केंद्र सरकारने २०१९ साली जनावरांच्या रोगनियंत्रणाचा जो राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, त्यात ब्रुसेलोसिसची लस गाई-म्हशींच्या चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांसाठी ठेवली आहे. शेळी त्या यादीत नाही. म्हणजे तिच्या बाबतीत संरक्षणाची भिंत एकच, आणि ती म्हणजे चूल. दूध चांगले उकळले की हा जंतू मरतो. डेंग्यूच्या प्लेटलेट शेळीच्या दुधाने वाढतात यास शास्त्रीय आधार नाही. आधीच तापाने खचलेल्या रुग्णाला कच्चे दूध पाजून आपण त्याला दुसऱ्या तापाचे आमंत्रण मात्र देऊ शकतो.

तान्ह्या मुलांच्या बाबतीत याहून अधिक सावध राहिले पाहिजे. आईचे दूध कमी पडले की शेळीचे दूध पाणी घालून पाजण्याची पद्धत खेड्यांत जुनी आहे. या दुधाचे गुण खरे आहेत. त्याचे स्निग्ध कण बारीक असतात, पोटात त्याचे दही मऊ बसते, आणि शेळी वैरणीतील कॅरोटीनचे जीवनसत्त्व 'अ' मध्ये रूपांतर करीत असल्याने ते पांढरेशुभ्र असूनही त्या जीवनसत्त्वाने युक्त असते. पण रक्त तयार होण्यास लागणारे फोलिक आम्ल त्यात जवळजवळ नसते. केवळ शेळीच्या दुधावर वाढणाऱ्या अर्भकांना होणारा पंडुरोग जर्मनीतील डॉक्टरांनी १९२० च्या दशकातच नोंदविला होता. एक वर्षाखालील बालकाचे ते मुख्य अन्न होऊ शकत नाही. तसेच गाईचे दूध ज्यांना सोसत नाही अशा ऍलर्जीच्या बहुतेक मुलांना शेळीचेही सोसत नाही, कारण दोहोंतील प्रथिने सारखीच आहेत. शेळीचे दूध उत्तम अन्न आहे. त्याला औषध ठरवून आपण त्याचा गौरव करीत नाही.

उपेक्षेचे अर्थशास्त्र

एवढे सारे पथ्य सांभाळावयाचे कोणी? २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात १४ कोटी ८८ लाख शेळ्या आहेत आणि महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ६ लाख. शेळीच्या दूध उत्पादनात भारत जगात पहिला. तरी देशाच्या एकूण दुधात या दुधाचा वाटा तीन-साडेतीन टक्क्यांच्या आसपासच आहे. १९७० साली सुरू झालेल्या दूध महापूर योजनेने गावोगाव जे संकलनाचे जाळे विणले, ते म्हैस आणि संकरित गाय यांना डोळ्यांपुढे ठेवून. त्यात शेळीला जागा राहिली नाही. गांधीजींनी १९१८ च्या दीर्घ आजारानंतर शेळीचे दूध स्वीकारले, तेव्हा तिला प्रतिष्ठेचा क्षण लाभला. प्रतिष्ठा लाभली, पण बाजार लाभला नाही.

आपल्याकडची उस्मानाबादी शेळी दिवसाला अर्धा ते दीड लिटर दूध देते. त्यातून करडांचा वाटा जाऊन जे उरते ते चहाला लागते, नाही तर गुपचूप गाईच्या दुधात मिसळले जाते. संकलन केंद्रावर दुधाचा भाव स्निग्धांश आणि इतर घनपदार्थ यांवर ठरतो. हात धुतले होते काय, कास कोरडी होती काय, या प्रश्नाला तेथे दमडीचेही मोल नाही. मग मजुरीवरून दमून आलेल्या बाईने ओटा बांधावा, केस कातरावेत, काळे फडके धरावे, हे तिने कोणत्या आशेने करावे? तिला अडाणी म्हणणे सोपे आहे. ज्या कष्टाला भाव नाही ते कष्ट ती करीत नाही, इतकाच त्याचा अर्थ आहे, आणि हा हिशेब आपल्यापैकी कोणाच्याही हिशेबाइतकाच शहाणपणाचा आहे.

काय करता येईल

ज्ञानाचा आपल्या परिसरात दुष्काळ नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने शेळी-मेंढीवर दीर्घकाळ काम केले आहे. शिरवळला पशुवैद्यक महाविद्यालय आहे. शेळी-मेंढी विकास महामंडळाची प्रक्षेत्रे माण तालुक्यात दहिवडीला आणि कवठेमहांकाळ तालुक्यात रांजणीला आहेत. राहुरीच्या कृषी विद्यापीठात संगमनेरी शेळीवर संशोधन चालते. म्हसवडच्या माणदेशी संस्थेने तर खेड्यातील स्त्रियांना शेळ्यांच्या कृत्रिम रेतनाचे शिक्षण देऊन दाखविले आहे. जी बाई हे नाजूक काम शिकू शकते, तिला कासदाहाची परीक्षा आणि औषधाचे पथ्य शिकणे अवघड नाही. उणीव आहे ती हे ज्ञान आणि दुधाचा भाव यांची गाठ घालून देण्याची.

एखाद्या गावातील दहा घरांनी अर्धा-अर्धा लिटर दूध वेगळे ठेवले तर रोज पाच लिटर शुद्ध शेळीचे दूध जमते. कराडसारख्या शहरात त्याला गिऱ्हाईक मिळणे कठीण नाही. आजारपणात मागेल तो भाव देणारी आपणच मंडळी आहोत. तोच भाव विभागून वर्षभर, ठरलेल्या घरांना, ठरलेल्या अटींवर का देऊ नये? अट एकच असावी, ती म्हणजे दूध स्वच्छतेच्या परीक्षेस उतरले पाहिजे.

ही परीक्षा शाळेच्या प्रयोगशाळेतही होऊ शकते. निर्जंतुक नळीत दहा मिलिलिटर दूध घेऊन त्यात मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाचे प्रमाणित द्रावण एक मिलिलिटर घालावे आणि नळी ३७ अंश उष्णतेच्या पाण्यात ठेवावी. दुधात जंतू जितके अधिक, तितका निळा रंग लवकर उडतो. पाच तास टिकला तर दूध फार चांगले, अर्ध्या तासात उडाला तर वाईट. ज्या कराड तालुक्यातील काले या गावी १९१९ साली रयत शिक्षण संस्थेचा जन्म झाला, तेथील विज्ञान शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना यापेक्षा जिवंत प्रयोग कोणता सापडेल? आईने आज काढलेल्या दुधाचा रंग किती वेळ टिकला हे मुलगा संध्याकाळी घरी सांगेल, आणि दुसऱ्या दिवशी ती आपण होऊन हात धुऊन बसेल. यशवंतरावांच्या स्मृतिनिमित्त कराडात भरत आलेल्या कृषी व पशुपक्षी प्रदर्शनातही धिप्पाड जनावरांच्या जोडीने स्वच्छ दुधाच्या अशा एका स्पर्धेला जागा मिळावी.

शहरातील गिऱ्हाइकाने आपल्याकडून तीन गोष्टी पाळाव्यात. दूध उकळूनच घ्यावे. तान्ह्या मुलाला डॉक्टरांना विचारल्याखेरीज पाजू नये. आणि किटली घेऊन दारात उभे राहिल्यावर भावाची घासाघीस करण्यापूर्वी शेळी कोठे बांधली आहे ते एकदा पाहावे. जागा स्वच्छ असेल तर दोन रुपये अधिक द्यावेत, आणि ते कशासाठी दिले हेही त्या बाईला सांगावे. शेळीच्या दुधाचा वास घालविण्याची सुरुवात तिच्या दारात होते, हे खरे. पण तिच्या श्रमाला मोल देणारा हात आपला आहे आणि तो आजवर आखडलेला राहिला आहे.